काचेपलीकडचा टॉम विल्सन

एकाच गाण्याची दोन ध्वनिमुद्रणे एकापाठोपाठ एक ऐकण्याची सवय ज्यांना नसेल, त्यांनी ‘द साउंड ऑफ सायलेन्स’पासून सुरुवात करावी. पहिले ध्वनिमुद्रण मार्च १९६४ मधले आहे. त्यात पॉल सायमन आणि आर्ट गारफंकेल यांचे आवाज आणि गिटारची साथ आहे. विजेवरची वाद्ये नाहीत आणि ड्रम्सही नाहीत. दुसऱ्यात आवाज तेच आहेत, किंबहुना टेपही तीच आहे, पण पहिले कडवे सरता सरता विजेवरची गिटार येऊन मिळते, मागोमाग बास आणि ड्रम्स येतात आणि दोन तरुणांनी एकमेकांच्या कानात सांगितल्यासारखे वाटणारे गाणे रस्त्यावरच्या गर्दीला ऐकू जाईल असे होते. हेडफोन लावून नीट ऐकले तर मधूनच ड्रम्स किंचित रेंगाळल्यासारखे वाटतात. मूळ गाणे गाताना दोघांच्या कानात कोणताही ठेका नव्हता. ते आपल्या श्वासाने लय थोडी पुढेमागे करत गात होते, आणि सव्वा वर्षानंतर त्या टेपवर वाजवायला बसलेल्या वादकांना त्या श्वासामागून जावे लागले. साथीदाराने गायकाच्या मागे जावे हे आपल्याकडे नवे नाही. इथे मात्र गायक हजरच नव्हते. पहिली रेकॉर्ड फारशी न खपल्याने जोडी जवळजवळ मोडली होती, सायमन युरोपात होता, आणि आपल्या गाण्यावर असे काही चालले आहे याची दोघांनाही कल्पना दिलेली नव्हती. जून १९६५ मध्ये हे काम ज्याने करवून घेतले तो कोलंबिया कंपनीचा पगारी रेकॉर्ड निर्माता टॉम विल्सन. १ जानेवारी १९६६ रोजी संपलेल्या आठवड्यात ते गाणे अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होते, आणि तोवर विल्सन कोलंबिया सोडून दुसऱ्या कंपनीत गेलेला होता.

सायमन आणि गारफंकेल ही नावे आपल्याकडेही हजारो लोकांना ठाऊक आहेत. विल्सनचे नाव मात्र जाणकारांच्या गप्पांपलीकडे फारसे जात नाही. याची मला खंत वाटते, पण हा लेख केवळ खंत व्यक्त करण्यासाठी लिहिलेला नाही. रेकॉर्ड निर्मात्याचे नाव रेकॉर्डसोबत कायम राहिले पाहिजे, आणि ते केवळ त्याचा मान म्हणून नव्हे, तर कोणी काय ठरवले याची नोंद म्हणून राहिले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. जिथे निर्णयाचे श्रेय लिहिले जात नाही, तिथे निर्णयाचा दोषही कोणाच्या माथी येत नाही, आणि मग संगीताचा इतिहास हा गाणाऱ्यांच्या प्रतिभेच्या आख्यायिकांचा संग्रह होऊन बसतो.

मराठीत या व्यवसायाविषयी बोलताना पहिली अडचण शब्दाचीच येते. ‘निर्माता’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चित्रपटाला किंवा नाटकाला पैसा लावणारा माणूस उभा राहतो. रेकॉर्ड निर्माता हा तसा नसतो. चाल त्याची नसते, शब्द त्याचे नसतात, बहुतेक वेळा वाद्यसंयोजनही त्याचे नसते. त्या काळी कोलंबियाच्या स्टुडिओत तर कामगार संघटनेच्या नियमामुळे ध्वनियंत्रणेच्या खुंट्यांना हात लावण्याची मुभाही फक्त तंत्रज्ञांना होती. काचेपलीकडे बसून ऐकणे, कोणाला बोलवायचे आणि कोणाला नाही हे ठरवणे, पुन्हा एकदा घ्या म्हणणे, आता पुरे म्हणणे, आणि झालेल्या दहा आवृत्त्यांतून एक निवडणे, एवढेच त्याचे काम. आणि या ‘एवढेच’मध्ये रेकॉर्डचे सारे भवितव्य असते.

विल्सनचा जन्म १९३१ मध्ये टेक्सस राज्यातल्या वेको या गावी झाला. कृष्णवर्णीय कुटुंबातला हा मुलगा आधी फिस्क विद्यापीठात आणि मग हार्वर्डमध्ये शिकला आणि १९५४ मध्ये पदवीधर झाला. हार्वर्डमध्ये तो विद्यार्थ्यांच्या रेडिओ केंद्रावर आणि जॅझप्रेमींच्या मंडळात रमला, आणि पदवीनंतर वर्षभरातच उसन्या पैशांवर त्याने केंब्रिजमध्ये ‘ट्रान्झिशन’ नावाची स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. ती दोनतीन वर्षांत बंद पडली, पण तेवढ्या अवधीत सन रा आणि सेसिल टेलर या दोघा जॅझवादकांच्या पहिल्या लॉंग प्ले रेकॉर्ड तिने काढल्या. ज्या टेलरचे पियानोवादन ऐकून जॅझचे जुने श्रोतेसुद्धा उठून जात, त्याला पंचविशीतल्या या तरुणाने पुढे होऊन स्टुडिओत बसवले. विल्सनचा पुढचा सारा प्रवास समजून घेताना ही सुरुवात विसरून चालत नाही. पुढे काय होईल याचा अंदाज बांधण्यापेक्षा समोरच्या माणसाला नेमके काय म्हणायचे आहे हे ऐकण्याचे त्याचे वळण इथेच पडले.

त्यामुळे १९६३ मध्ये कोलंबियाने त्याला गायक-गीतकार बॉब डिलनच्या ध्वनिमुद्रणासाठी पाठवले, तेव्हा लोकगीतांविषयी त्याच्या मनात अजिबात आदर नव्हता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्याने नंतरच्या एका मुलाखतीत हे मोकळेपणाने सांगितले आहे: जॅझमधून आलेल्या त्याला लोकगीत हा अडाण्यांचा प्रकार वाटत असे; डिलनचे वादनही त्याला तसेच वाटले, पण शब्द कानांवर पडले आणि तो थक्क झाला. लोकसंगीताच्या भक्ताने डिलनला लोकसंगीताच्या चौकटीत जपून ठेवले असते. चौकटीविषयी ममत्व नसलेल्या माणसाला शब्द आधी ऐकू आले, आणि त्या शब्दांना एकट्या गिटारपेक्षा मोठी जागा लागेल हे लवकर उमगले.

डिलनच्या दुसऱ्या रेकॉर्डची सुरुवात कोलंबियाचेच निर्माते जॉन हॅमंड यांनी केली होती. २४ एप्रिल १९६३ च्या सत्रात विल्सनच्या हाताखाली झालेली चार गाणी तिच्यात आली, आणि त्यांत ‘मास्टर्स ऑफ वॉर’ व ‘गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री’ होती. त्या रेकॉर्डवर श्रेय मात्र एकट्या हॅमंड यांचे छापले गेले. पुढच्या तीन रेकॉर्ड विल्सनने केल्या. त्यांतली एक ९ जून १९६४ या एका रात्रीत संपली. तिसरी, म्हणजे जानेवारी १९६५ मध्ये तीन दिवसांत झालेली ‘ब्रिंगिंग इट ऑल बॅक होम’, ही एका बाजूला विजेवरच्या वाद्यांची आणि दुसऱ्या बाजूला बहुतांशी एकट्या गिटारची आहे. या रेकॉर्डच्या महिनाभर आधी, डिसेंबर १९६४ मध्ये, विल्सनने डिलनच्या एका जुन्या, एकट्याने गायलेल्या गाण्यावर वादकांकडून विजेवरची साथ चढवून पाहिली होती. तो प्रयोग तेव्हा बाहेर आला नाही. पण सहा महिन्यांनी सायमन-गारफंकेलच्या टेपवर जे झाले ते लहरीतून झाले नव्हते, हे त्यावरून कळते.

इथे घाईने निष्कर्ष काढण्याचा मोह होतो आणि तो टाळला पाहिजे. डिलनला विजेच्या वाद्यांकडे विल्सनने नेले, असे त्याचे चाहते म्हणतात. हे पूर्ण खरे नाही. १९६२ च्या अखेरीस, विल्सन येण्याच्या आधीच, डिलनने वाद्यवृंदासह एक छोटी रेकॉर्ड केली होती आणि ती कोणाच्या लक्षात राहिली नाही. इंग्लंडच्या ‘अ‍ॅनिमल्स’नी १९६४ मध्ये एका जुन्या लोकगीताला रॉकचा बाज दिला होता, आणि १९६५ च्या जूनमध्ये ‘बर्ड्स’ या गटाने गायलेले डिलनचेच गाणे यादीच्या माथ्यावर होते. वारा त्या दिशेने वाहतच होता. डिलनने स्वतः १९६९ मधील मुलाखतीत विल्सनच्या मनात एक विशिष्ट नाद होता एवढे मान्य केले आहे, आणि मला वाटते तेवढे पुरेसे आहे. वारा असला तरी शिडाची दोरी कोणीतरी धरावी लागते, आणि ती धरणाऱ्याचे नाव नोंदवावे यासाठी त्याने वाराच निर्माण केला असे सिद्ध करण्याची गरज नाही.

ती दोरी कशी धरली जाते हे पाहायचे असेल तर १६ जून १९६५ ची दुपार पाहावी. न्यूयॉर्कच्या सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या कोलंबियाच्या स्टुडिओत ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ चालू होते. आदल्या दिवशी त्याची लय वॉल्ट्झसारखी तीन मात्रांची होती आणि ते कुठेच जात नव्हते. विल्सनचा पाहुणा म्हणून अल कूपर नावाचा एकवीस वर्षांचा गिटारवादक बघायला आला होता. माइक ब्लूमफिल्डची गिटार ऐकून त्याने आपली गिटार मुकाट्याने पिशवीत ठेवली. ऑर्गनवरचा वादक पियानोकडे गेला तेव्हा कूपर विल्सनजवळ गेला आणि मला ऑर्गनसाठी काही सुचले आहे असे म्हणाला. तू ऑर्गन वाजवणारा नाहीस, असे विल्सनने त्याला सांगितले, आणि तेवढ्यात फोन आल्याने तो बाजूला गेला. परत येऊन पाहतो तर कूपर ऑर्गनवर बसलेला. त्या सत्राची संपूर्ण टेप २०१५ मध्ये प्रकाशित झाली आहे. त्यात कूपरला तिथे पाहून विल्सन विचारतो ते ऐकू येते, मागे हशा ऐकू येतो, आणि मग टेप पुढे चालू राहते. स्टुडिओचा वेळ मोजून घेतलेला असताना, ज्याला ते वाद्य येत नाही अशा मुलाला तिथून उठवण्याचा पूर्ण अधिकार विल्सनला होता. त्याने तो वापरला नाही. कूपर बाकीच्यांचे स्वर ऐकून मग पट्टीवर हात टाकत होता, त्यामुळे ऑर्गन प्रत्येक वेळी थोडा उशिरा येतो, आणि सहा मिनिटांच्या त्या गाण्याची ओळख आज त्या उशिरा येणाऱ्या ऑर्गनवरच आहे. नंतर टेप ऐकताना ऑर्गनचा आवाज वाढवा असे डिलनने म्हटले तेव्हाही विल्सनने कूपर ऑर्गनवादक नाही याची आठवण करून दिली होती, आणि तरीही आवाज वाढवला गेला. निर्मात्याचे मत चुकू शकते. आपले मत चुकीचे ठरण्याला तो किती वाव देतो यावर त्याची योग्यता ठरते. हे गाणे ज्या लॉंग प्ले रेकॉर्डवर आले तिच्यातले हे एकच विल्सनचे. बाकीची रेकॉर्ड बॉब जॉन्स्टन या दुसऱ्या निर्मात्याकडे गेली.

त्यानंतर विल्सन एमजीएम या कंपनीच्या ‘व्हर्व्ह’ या शाखेत गेला, आणि तिथे त्याने जे केले ते मला कोलंबियातल्या कामाहून धाडसाचे वाटते. लॉस एंजेलिसच्या एका क्लबात त्याने फ्रँक झापाच्या ‘मदर्स ऑफ इन्व्हेन्शन’चे एक गाणे ऐकले आणि हा गोऱ्या मुलांचा ब्लूज वाजवणारा आणखी एक गट आहे अशा समजुतीने करार केला. ही हकिगत झापानेच सांगितली आहे. स्टुडिओत दुसऱ्याच गाण्याला त्याला कळून चुकले की हा प्रकार वेगळाच आहे, आणि त्याने ताबडतोब न्यूयॉर्कला फोन लावला. नोकरदार माणसाने तिथे हात आखडता घेतला असता. विल्सनने उलट जास्त पैसे मागितले, जास्त वादक दिले, आणि १९६६ च्या जूनमध्ये एका अनोळखी गटाचे पहिलेच प्रकाशन दोन तबकड्यांचा संच म्हणून बाजारात आले. झापा स्तुतीच्या बाबतीत हात सैल असलेला माणूस नव्हता, पण विल्सनने आपल्यासाठी नोकरी पणाला लावली हे तो कृतज्ञतेने सांगत असे.

त्याच सुमारास ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ हा गट विल्सनकडे आला. मार्च १९६७ मध्ये निघालेल्या त्यांच्या पहिल्या रेकॉर्डवर निर्माता म्हणून चित्रकार अँडी वॉरहॉल यांचे नाव आहे. वॉरहॉल यांनी गटाला आसरा दिला, प्रसिद्धी दिली, मुखपृष्ठावरचे केळे दिले, आणि त्यांच्या नावामुळे कोणी गटाच्या कामात ढवळाढवळ केली नाही, हेही मोठे काम होते. पण कॅलिफोर्नियात काही गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित करवून घेणे आणि रेकॉर्डच्या सुरुवातीचे गाणे मुद्दाम नव्याने करवून घेणे हे विल्सनचे काम होते, आणि त्याचे नाव बारीक अक्षरांत संपादन आणि मिश्रणाच्या देखरेखीपुरते उरले. पुढची रेकॉर्ड पूर्णपणे त्याची आहे. विल्सनइतका चांगला निर्माता गटाला पुन्हा मिळाला नाही, असे गटातलेच जॉन केल यांनी नंतर म्हटले आहे.

आता दुसरी बाजू. त्याच १९६७ मध्ये विल्सनने निको या गायिकेची पहिली रेकॉर्ड केली. तिला साधेपणा हवा होता. विल्सनने गाणी झाल्यावर तिच्या गैरहजेरीत त्यांवर व्हायोलिनांचा ताफा आणि बासरी चढवून घेतली. रेकॉर्ड ऐकून निको रडली, आणि ती त्या बासरीमुळे रडली असे तिने अनेक वर्षांनी सांगितले. व्हायोलिने एक वेळ सहन झाली असती, बासरी झाली नाही. मी ती रेकॉर्ड अनेकदा ऐकली आहे, आणि काही गाण्यांत ती बासरी मला सुंदर वाटते, हे मान्य करताना थोडा संकोचही वाटतो. पण माझ्या आवडीने प्रश्न सुटत नाही. सायमन-गारफंकेलच्या बाबतीत न विचारता केलेली गोष्ट यशस्वी झाली म्हणून ती कथा आपण कौतुकाने सांगतो. निकोच्या बाबतीत नेमके तेच केले आणि तिच्या मनाला आयुष्यभराची जखम झाली. कृती एकच होती. कलाकाराला न विचारता त्याच्या आवाजावर दुसरा आवाज चढवणे हे चूकच आहे, आणि पहिल्या क्रमांकाने ती चूक धुतली जात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. विल्सनची आठवण ठेवायची तर ही बासरीही त्याच्या नावावर लिहावी लागेल. निर्मात्याचे नाव नोंदले गेलेच पाहिजे याचे माझ्या दृष्टीने हे सर्वांत भक्कम कारण आहे, कारण नाव पुसले तर निकोची तक्रार कोणाविरुद्ध होती हेही पुसले जाईल.

मग हा माणूस विस्मरणात का गेला? हृदयविकाराने सप्टेंबर १९७८ मध्ये तो गेला तेव्हा त्याचे वय अवघे सत्तेचाळीस होते. त्याने आत्मचरित्र लिहिले नाही. त्याचा स्वतःचा असा ओळखू येणारा नाद नव्हता: फिल स्पेक्टरची रेकॉर्ड चार क्षणांत ओळखता येते, विल्सनची येत नाही, कारण सन रा, डिलन आणि झापा यांना एकाच साच्यात बसवायला तो तयार नव्हता. याच गुणाने त्याचा घात केला. आणि एक कारण असे आहे की ते बोलून दाखवायला लोक कचरतात. गोऱ्या तरुणांच्या लोकगीतातून रॉक कसे जन्मले ही कथा सांगताना काचेपलीकडे हार्वर्डचा एक कृष्णवर्णीय पदवीधर बसला होता हे त्या कथेत बसत नव्हते, आणि कृष्णवर्णीयांच्या संगीताची कथा सांगणाऱ्यांना त्याची डिलन आणि झापा यांच्याबरोबरची कामे आपली वाटली नाहीत. दोन्ही वंशावळींनी त्याला दाराबाहेर ठेवले. त्या काळी मोठ्या अमेरिकी कंपन्यांत कृष्णवर्णीय निर्माते अगदी मोजके होते, हे लक्षात घेतले म्हणजे या विस्मरणाचे वजन कळते.

हा प्रश्न अमेरिकेपुरता नाही. आपण आकाशवाणीवर मराठी गाणी ऐकत वाढलो. गीत अमुक यांचे, संगीत अमुक यांचे, गायिका अमुक, एवढे निवेदक न चुकता सांगत, आणि कवीचे नाव घेण्याची ही पद्धत मला आजही अभिमानाची वाटते. पण वाद्यमेळ कोणी बांधला, ध्वनिमुद्रण कोणी केले, ते गाणे व्हावे असे कंपनीत कोणी लावून धरले, हे त्यात कधी येत नसे. १९६७ मध्ये एच.एम.व्ही.ने काढलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही रेकॉर्ड घ्या. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांच्या वादनातून काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस उभा करणारी ही रेकॉर्ड परदेशात रॉक ऐकणाऱ्यांच्या घरांतही पोहोचली. तिचे निर्माते जी. एन. जोशी, म्हणजे आपल्या भावगीतांच्या पहिल्या पिढीतले गायक. संतूर, बासरी आणि गिटार यांना रागांच्या वेळेनुसार एका सूत्रात ओवणारी रेकॉर्ड काढणे ही तेव्हा कंपनीच्या दृष्टीने जोखीम होती, आणि ती एका मराठी माणसाने उचलली. जोशींनी ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे आत्मकथन लिहिले म्हणून स्टुडिओच्या काचेपलीकडचे जग मराठी वाचकाला काही प्रमाणात तरी ठाऊक आहे. विल्सनने लिहिले नाही, आणि आपल्याकडच्याही बहुतेकांनी लिहिलेले नाही.

कायद्याचा आधार इथे तोकडा पडतो. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२अ नुसार ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या वेष्टनावर ते करणाऱ्याचे नाव व पत्ता, हक्कधारकाचे नाव व पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचे वर्ष छापणे बंधनकारक आहे. पण कायद्याच्या भाषेत ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ते करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा, आणि व्यवहारात तो म्हणजे कंपनी. काचेमागे बसलेल्या माणसाला त्यात जागा नाही. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांच्या हक्कांची बाजू बळकट केली, हे योग्यच झाले. पुढचे पाऊल म्हणून प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत निर्माता, संयोजक, ध्वनिमुद्रक आणि वादक यांची नावे देणे कंपन्यांवर आणि गाणी ऐकवणाऱ्या अ‍ॅपवर बंधनकारक असावे. वेष्टनावर जागा नाही ही सबब तबकडीच्या काळात पटण्यासारखी होती. मोबाइलच्या पडद्यावर जागेचा तोटा नाही, आणि तरीही तिथे बहुतेक जुन्या मराठी गाण्यांखाली गायकाचे आणि कंपनीचे नाव सोडून काही नसते, कित्येकदा कवीचेही नसते.

कायदा होईल तेव्हा होईल. त्याआधी मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंत १९७० आणि १९८० च्या दशकांत काम केलेली जी वादक, संयोजक आणि ध्वनिमुद्रक मंडळी आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत, त्यांच्यासमोर जुनी गाणी लावून, या गाण्यात व्हायोलिनवर कोण होते, ही सुरावट कोणी सुचवली, हा टेक कोणी पसंत केला आणि कोणाच्या विरोधाला न जुमानता केला, हे एकेक गाणे थांबवत विचारून घेता येईल. त्याला मोठा निधी लागत नाही; एक फोन, एक वही आणि दुपारचे दोन तास पुरतात.